माणूस तोच, व्यवस्था निराळी

फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस यवतमाळ येथे झालेल्या समारंभात पंतप्रधानांच्या हस्ते वर्धा-कळंब या लोहमार्गाचे उद्घाटन झाले. सुमारे ४० किलोमीटर लांबीचा हा तुकडा म्हणजे वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या नियोजित मार्गाचा पहिला हप्ता होय. या मार्गाला २००८-०९ च्या रेल्वे अंदाजपत्रकात मंजुरी मिळाली होती आणि २००९ च्या आरंभी भूमिपूजनही उरकले होते. भूमिपूजनाचा नारळ फुटल्यापासून कळंबपर्यंत रूळ पोचण्यास पंधरा वर्षे लागली, हा त्याचा सरळ हिशेब आहे.

याच काळात शेजारच्या नागपुरात काय घडले? ऑगस्ट २०१४ मध्ये तेथील मेट्रोची कोनशिला बसली, मार्च २०१९ मध्ये पहिली गाडी धावली आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी पहिल्या टप्प्यातील उरलेले मार्ग प्रवाशांसाठी खुले झाले. लांबी जवळजवळ तेवढीच, काम भर वस्तीतले आणि बहुतांशी खांबांवरचे. काळ मात्र आठ वर्षांचा. दिल्लीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तेथे १ ऑक्टोबर १९९८ रोजी बांधकामास प्रारंभ झाला आणि २०११ पर्यंत सुमारे १९० किलोमीटर मार्ग वाहता झाला. शहराच्या पोटातून, जुन्या इमारतींच्या पायांखालून आणि अखंड रहदारीच्या डोक्यावरून तेरा वर्षांत १९० किलोमीटर, आणि विदर्भाच्या मोकळ्या माळावरून पंधरा वर्षांत ४०! हा फरक कशाचा, या प्रश्नाला सामान्यतः एकच उत्तर मिळते. तेथे श्रीधरन होते, येथे नाहीत. हे उत्तर समाधानकारक वाटते, कारण ते आपल्याला पुढच्या विचारातून मोकळे करते. परंतु त्यात अर्धेच सत्य आहे, आणि उरलेले अर्धे खुद्द श्रीधरन यांच्या कारकीर्दीतच लिहून ठेवलेले आहे.

पालक्काडहून निघालेला प्रवासी

एलाट्टुवळपिल श्रीधरन यांचा जन्म १२ जून १९३२ चा, केरळातील पालक्काड जिल्ह्यातला. शिक्षण पालक्काड येथे आणि त्यानंतर आंध्रातील काकिनाडा येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले. कोळिकोड येथे काही काळ अध्यापन, मग मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमध्ये उमेदवारी, आणि १९५४ च्या अखेरीस दक्षिण रेल्वेत साहाय्यक अभियंता म्हणून नेमणूक. पुढे कलकत्ता, कोचीन, चर्चगेट, बेलापूर, दिल्ली असा त्यांचा प्रवास झाला. ज्या ज्या ठिकाणी त्यांनी मोठे काम केले, त्यांपैकी बहुतेक ठिकाणी ते उपरेच होते. कलकत्त्यात बंगाली नव्हते, कोकणात मराठी नव्हते, दिल्लीत तर उत्तरेचेही नव्हते. आपल्याकडे 'परप्रांतीय' हा शब्द हल्ली ज्या सुरात उच्चारला जातो तो ध्यानी घेता ही गोष्ट मुद्दाम नोंदविण्याजोगी आहे. कोकणच्या माणसाने या अभियंत्याला त्याची मातृभाषा विचारली नाही. गाडी केव्हा येणार एवढेच विचारले.

आपल्या देशातील रेल्वेबांधणीचा आरंभच मुळी परक्या अभियंत्यांपासून झालेला आहे. बोरीबंदर ते ठाणे हा १८५३ चा पहिला मार्ग जेम्स बर्कले या इंग्रज अभियंत्याच्या देखरेखीखाली तयार झाला, आणि बोरघाटाच्या चढणीची आखणीही त्याचीच. मात्र ज्या कंपनीचा तो नोकर होता, तिच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची सरकारी हमी होती. काम महाग झाले तरी भागधारकाच्या पदराला खार लागत नव्हता. तूट भरून काढणार होता हिंदुस्थानचा करदाता. अभियंता कितीही कुशल असला तरी पैशाची व्यवस्था उधळपट्टीला मोकळीक देणारी असेल तर काय होते, याचा तो जुना धडा होता. श्रीधरन यांच्या कारकीर्दीचे महत्त्व असे की, हाच धडा तिने एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही बाजूंनी शिकविला.

शेहेचाळीस दिवस आणि बावीस वर्षे

डिसेंबर १९६४ मध्ये रामेश्वरजवळ प्रचंड चक्रीवादळ झाले. धनुष्कोडी उद्ध्वस्त झाले, प्रवाशांनी भरलेली गाडी समुद्राने गिळली आणि पांबनच्या सेतूच्या बहुसंख्य तुळया वाहून गेल्या. दुरुस्तीसाठी रेल्वेने सहा महिन्यांची मुदत ठरविली. वरिष्ठांनी ती तीन महिन्यांवर आणली. ज्याच्यावर हे काम सोपविले होते त्या बत्तीस वर्षांच्या अभियंत्याने ते ४६ दिवसांत पुरे केले. समुद्रतळाशी गेलेल्या तुळया शोधून वर काढावयाच्या आणि पुन्हा जागेवर बसवावयाच्या, ही त्याची युक्ती होती. त्याच्या हाती काम एक होते, अधिकार पुरेसा होता आणि रामेश्वरचा मार्ग तुटलेला असल्याने पैशासाठी कोणी ताटकळत ठेवीत नव्हते.

सहा वर्षांनंतर, १९७० मध्ये, हाच अभियंता कलकत्त्याच्या भुयारी रेल्वेच्या आखणीसाठी उपमुख्य अभियंता म्हणून गेला. देशातील ही पहिली मेट्रो. आखणी, सर्वेक्षण आणि आराखडे यांत श्रीधरन यांनी काही वर्षे घालविली. २९ डिसेंबर १९७२ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते कोनशिला बसली. पहिली गाडी धावली २४ ऑक्टोबर १९८४ रोजी, तीही अवघे साडेतीन किलोमीटर. डमडम ते टॉलीगंज हा १६-१७ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग खुला होण्यास १९९५ चा सप्टेंबर उजाडला. जवळजवळ तेवीस वर्षे! त्या काळात कलकत्त्याचे हमरस्ते खणून ठेवलेले होते, दुकानदारांची गिऱ्हाइके तुटली होती, आणि शहराची एक पिढी खड्ड्यांच्या कडेने चालत मोठी झाली.

श्रीधरन १९७५ च्या सुमारास तेथून गेले, तेव्हा पुढील दिरंगाईचा दोष त्यांच्याकडे जात नाही. पण ते तेथे राहिले असते तरी चित्र फारसे पालटले असते असे मानण्यास आधार नाही. निधी वर्षाकाठी अंदाजपत्रकातून थेंबाथेंबाने येत होता. जमीन एकाची, रस्ता दुसऱ्याचा, जलवाहिन्या तिसऱ्याच्या, आणि निर्णय दूरच्या राजधानीत, अशी विभागणी होती. कामास उशीर झाल्याने कोणाचेही वैयक्तिक नुकसान होणार नव्हते. पांबनला ज्या तीन गोष्टी हाती होत्या, त्या तीनही कलकत्त्यात नव्हत्या.

कोकणात घातलेली घडी

जून १९९० मध्ये श्रीधरन रेल्वे मंडळाचे सदस्य म्हणून निवृत्त झाले. वय ५८. सरकारी नोकरीतील माणूस या वयात निवृत्तिवेतनाचे कागद गोळा करतो. श्रीधरन यांच्या वाट्याला कोकण रेल्वे आली. त्या वेळी रेल्वेमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस आणि अर्थमंत्री मधु दंडवते. पहिला कोकण किनाऱ्याच्या दक्षिण टोकाचा, मंगळूरचा सुपुत्र; दुसरा राजापूरचा लोकसभेतील दीर्घकाळचा प्रतिनिधी. परंतु दोन मंत्र्यांच्या सदिच्छेपेक्षा मोलाची होती ती त्यांनी स्वीकारलेली आर्थिक घडी. नित्याच्या रेल्वे अंदाजपत्रकात आणखी एक नाव घुसडण्याऐवजी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. भागभांडवलात केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, केरळ व गोवा यांचे प्रत्येकी ६ टक्के. उरलेला पैसा करमुक्त रोख्यांच्या रूपाने बाजारातून उभारावयाचा होता.

रोख्यांवर व्याज चढते, आणि व्याज कोणासाठी थांबत नाही. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कामात उशिराची किंमत कागदावर दिसत नाही. कर्जावर चालणाऱ्या कामात ती रोज रात्री खात्यावर लिहिली जाते. महामंडळाच्या कार्यालयांत उलट्या क्रमाने दिवस मोजणारी जी घड्याळे श्रीधरन यांनी लावली, त्यांचे वर्तमानपत्रांनी मोठे कौतुक केले. ती केवळ शिस्तीची खूण नव्हती. ती व्याजाची घड्याळे होती. उद्दिष्टापर्यंत किती दिवस उरले हे बेलापूरच्या कार्यालयात शिरणाऱ्या प्रत्येकास दिसावे, म्हणजे आपल्या टेबलावर अडून राहिलेल्या कागदाचे मोल त्याला कळावे, हा त्यामागचा हेतू.

रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदाहून अधिक बोगदे, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल. हे सारे २६ जानेवारी १९९८ पर्यंत पुरे झाले. या कथेत सारेच गोड आहे असे मात्र नव्हे. पाच वर्षांचे उद्दिष्ट सात वर्षांहून थोडे पुढे गेले. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून आंदोलन उठले, मऊ मातीच्या बोगद्यांनी पुनःपुन्हा दगा दिला, आणि मालवाहतूक अपेक्षेइतकी न मिळाल्याने कर्जाचा भार असह्य होऊन पुढे केंद्राला आधार द्यावा लागला. ज्या व्याजाने कामाला वेग दिला, त्याच व्याजाने पूर्ण झालेल्या मार्गाची कंबर वाकविली. मागास प्रदेशातील रेल्वे केवळ बाजारातील कर्जावर उभी करता येत नाही, हाही धडा कोकणानेच दिला आहे.

दिल्लीचा प्रयोग

दिल्लीत ही चूक सुधारण्यात आली. दिल्ली मेट्रोच्या महामंडळात केंद्र आणि दिल्ली सरकार यांचा वाटा समसमान ठेवला गेला, आणि खर्चाचा मोठा भाग जपानच्या दीर्घ मुदतीच्या स्वस्त कर्जातून उभा राहिला. नोव्हेंबर १९९७ मध्ये श्रीधरन तेथे व्यवस्थापकीय संचालक झाले तेव्हा ते ६५ वर्षांचे होते. आपले सहकारी आपण निवडू आणि कामात राजकीय हस्तक्षेप असू नये, ही त्यांची अट होती. ती पाळली गेली. डिसेंबर २००२ मध्ये शाहदरा ते तीस हजारी हा पहिला भाग सुरू झाला, २००६ पर्यंत सुमारे ६५ किलोमीटरचा पहिला टप्पा आणि २०११ मध्ये त्याच्या जवळजवळ दुप्पट लांबीचा दुसरा टप्पा पुरा झाला. डिसेंबर २०११ मध्ये, ७९ व्या वर्षी, त्यांनी सूत्रे खाली ठेवली.

स्वायत्तता म्हणजे मनमानी नव्हे, हेही येथेच दिसले. दिल्लीचे मार्ग जगात इतरत्र प्रचलित असलेल्या प्रमाण रुंदीचे असावेत असा श्रीधरन यांचा आग्रह होता. रेल्वेने ब्रॉडगेजचा हट्ट धरला आणि सरकारने रेल्वेच्या बाजूने कौल दिला. श्रीधरन यांनी आपले मत सोडले नाही, पण काम ब्रॉडगेजवर वेळेत पुरे केले. पुढच्या टप्प्यात काही मार्ग प्रमाण रुंदीचे झालेच. निर्णय कोणता व्हावा याहून तो वेळेत व्हावा, आणि झाल्यावर त्याची कुरकुर न करता अंमलबजावणी व्हावी, ही दृष्टी अभियंत्यापेक्षा प्रशासकाची आहे.

१२ जुलै २००९ रोजी दिल्लीतील जमरूदपूर येथे बांधकाम चालू असलेला पूल कोसळून सहा जण मृत्युमुखी पडले. श्रीधरन यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही. त्या मृत्यूंचे मोल राजीनाम्याने भरून निघत नाही, आणि वेगाच्या कौतुकात मजुराचे प्राण विसरले जाऊ नयेत हेही खरे. दूरदूरच्या खेड्यांतून पोटासाठी आलेल्या ज्या मजुरांनी दिल्लीची मेट्रो उभी केली, तेही उपरेच होते आणि त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. पण त्या दुर्घटनेनंतर जबाबदार कोण हे शोधण्यासाठी चौकशी समितीची वाट पाहावी लागली नाही. जबाबदारीला पत्ता होता.

आणि तरीही, हाच माणूस सर्वत्र यशस्वी झाला नाही. कोचीत त्यांच्या मार्गदर्शनाखाली दिल्ली मेट्रोने चार वर्षांत मेट्रो उभी केली. जून २०१७ मध्ये ती धावली. परंतु त्याच केरळात, तिरुवनंतपुरम आणि कोळिकोड येथील हलक्या मेट्रोच्या कामातून २०१८ मध्ये दिल्ली मेट्रोला आणि तिचे सल्लागार श्रीधरन यांना बाहेर पडावे लागले, कारण शासनाचा निर्णयच होईना. आपल्या जन्मप्रांतात, आपल्या भाषेच्या माणसांत, कीर्तीच्या शिखरावर असताना! माणूस तोच होता. व्यवस्था निराळी होती.

यवतमाळचे दुखणे

आता पुन्हा यवतमाळकडे वळू. या जिल्ह्याला रेल्वेचे दर्शन १९०३ च्या सुमारास घडले. मूर्तिजापूर ते यवतमाळ हा ११३ किलोमीटरचा अरुंद मार्ग किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीच्या कंपनीने टाकला. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या मार्गावर पोचवावा आणि तेथून मुंबईच्या बंदरात, एवढेच त्याचे प्रयोजन. 'शकुंतला' या लाडक्या नावाने लोकांनी तिला आपले म्हटले. मालकी मात्र स्वातंत्र्यानंतरही खाजगी कंपनीकडेच राहिली. १९२१ च्या बनावटीचे वाफेचे इंजिन तेथे १९९४ पर्यंत धावत होते. या रुळांवरून आता गाडी धावत नाही. जिल्ह्याच्या मुख्यालयाच्या माणसाला मोठ्या गाडीसाठी पिढ्यान्‌पिढ्या धामणगावची वाट धरावी लागली.

कोणी म्हणेल, जिल्ह्याला वजनदार माणूस लाभला नाही. हे खरे नाही. पुसदच्या नाईक घराण्याने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले. वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ त्या पदावर होते. सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ या काळात. रेल्वे हा केंद्राचा विषय, हे मान्य. पण एवढी वजनदार माणसे लाभूनही पुसदला रेल्वे आली नाही, यावरून केवळ व्यक्तीच्या वजनावर रूळ पुढे सरकत नाहीत एवढे तरी सिद्ध व्हावे. राजकारणातील श्रीधरन आपल्याला मिळाला होता. अभियांत्रिकीतील मिळाला असता तरी त्याची गत कलकत्त्यासारखीच झाली असती.

खरे दुखणे पैशाच्या विभागणीत आहे. रेल्वेने मंजूर केलेल्या नव्या मार्गांची यादी नेहमीच तिच्या ऐपतीहून मोठी राहिली. प्रत्येक भागाच्या प्रतिनिधीला काहीतरी दिल्याचे समाधान लाभावे म्हणून प्रत्येक मार्गाला थोडे थोडे द्यावयाचे, आणि त्यामुळे कोणताच मार्ग वेळेत पुरा होऊ द्यावयाचा नाही, असा हा प्रकार. शंभर विहिरी दहा-दहा हात खणून सोडल्या तर एकीलाही पाणी लागत नाही, हे कोरडवाहू शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. समजा, एखाद्या मार्गात हजार कोटी रुपये गुंतले आणि तो दहा वर्षे अर्धवट राहिला, तर ७ टक्के चक्रवाढ दराने त्या पैशाचा बोजा जवळजवळ दुप्पट होतो. जमीन गेली, भराव झाला, पूल उभे राहिले, आणि गाडी मात्र नाही. अशा मार्गाचे उत्पन्न शून्य आणि खर्च चालूच. दारिद्र्यामुळे आपण हळू बांधतो असे म्हटले जाते. वस्तुतः हळू बांधणे ही श्रीमंतांनाही न परवडणारी चैन आहे.

यामागे आणखी एक कटू सत्य आहे. दिल्लीकराचा एक तास वाया गेला तर त्याचा हिशेब मांडला जातो. इंधन किती वाचले, किती मनुष्यतास वाचले, हे प्रकल्प अहवालात नोंदले जाते. दिग्रस-दारव्ह्याच्या शेतकऱ्याचा कापूस घेऊन ट्रक किती तास वाटेत राहिला, उमरखेडची मुलगी नांदेडच्या महाविद्यालयात जाण्यासाठी किती वेळ एस.टी.च्या थांब्यावर उभी राहिली, याचा भाव कोणत्याच अहवालात लावलेला नसतो. ज्याच्या वेळेला किंमत नाही त्याच्या कामाला मुदत नसते.

म्हणून यवतमाळने श्रीधरनसारख्या माणसाची वाट पाहण्यात अर्थ नाही. मागणी करावयाची तर ती निराळी करावी. वर्धा-नांदेड मार्गाच्या उरलेल्या प्रत्येक टप्प्याची पूर्ततेची तारीख जाहीर व्हावी. ती गाठण्यास लागणारा पैसा वर्षावर्षाच्या मर्जीवर न ठेवता आरंभीच बांधून द्यावा. आणि संपूर्ण मार्गासाठी एकच अधिकारी, काम पुरे होईपर्यंत बदली न होणारा, जबाबदार धरावा. कोकणासारखे केवळ महाग कर्ज नको, कारण कापूसपट्ट्याला ते पेलणार नाही. पण केंद्र आणि राज्य यांच्या समान भागीदारीचे महामंडळ हा साचा नागपूरच्या मेट्रोसाठी सिद्ध झालेलाच आहे. शहरासाठी जे शक्य झाले ते खेड्यांसाठी अशक्य का मानावे?

पुसदला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथून आणि यवतमाळहून पदव्या घेऊन मुले बाहेर पडतात आणि कामाच्या शोधात नागपूर, पुणे गाठतात. तीही कोठेतरी उपरी होऊन कोणाच्या तरी शहराचे पूल, कोणाची तरी मेट्रो बांधीत असतील. त्यांच्यात गुण नाहीत असे नाही. गुणांना वाव देणारी व्यवस्था जेथे आहे तेथे ती गेली, जसा एकेकाळी पालक्काडचा एक तरुण मुंबईच्या गोदीत उमेदवारीला गेला होता. त्यांना परत बोलावण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे. कळंबच्या पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड या प्रत्येक स्थानकाच्या जागेवर एक फलक लावावा, आणि त्यावर गाडी येण्यास किती दिवस उरले ते लिहावे. तो आकडा रोज एकाने कमी होतो की नाही, हे पाहण्याचे काम मात्र जिल्ह्यातील नागरिकांनाच करावे लागेल.